उजेडाला ‘पुरे’ म्हणणं

जुन्या कृष्णधवल फोटोकागदाचा एक तुकडा घ्यावा. खोलीतल्या मंद उजेडात तो काळ्या वेष्टनातून काढावा, चकचकीत बाजू वर करून फळीवर ठेवावा. त्यावर एखादं पान, फुलाची पाकळी, गवताची काडी मांडावी, वरून काच ठेवून कडेला चिमटे लावावेत आणि फळी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवावी. कागद लगेच बदलू लागतो. पांढऱ्या पृष्ठभागावर आधी गुलाबी झाक येते, मग जांभळट, मग तपकिरी. पानाखालची जागा तेवढी फिकट राहते. अर्ध्या-पाऊण तासानं काच उचलली की पान जसंच्या तसं कागदावर उमटलेलं असतं, काही ठिकाणी शिरांसकट. कॅमेरा, भिंग, डेव्हलपर यांतलं काहीही मध्ये आलेलं नसतं. या प्रकाराला आज ‘ल्युमेन प्रिंट’ म्हणतात. आपण सोयीसाठी ऊनचित्र म्हणू.

इथपर्यंतची कृती शाळकरी मुलालाही जमते. खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. हाच कागद संध्याकाळपर्यंत उन्हात राहिला तर काय होईल? पानाभोवतीची जागा गडद होत होत एका मर्यादेशी थांबेल. पानाखाली मात्र उजेड थोडा थोडा झिरपतच राहील आणि फिकट जागा हळूहळू भोवतालच्या रंगाला गाठू लागेल. पान उचलून कागद तसाच उघडा ठेवला तर हे फारच लवकर घडेल. बघता बघता सगळा कागद एकरंगी होईल. म्हणजे ऊनचित्राच्या दोन्ही टोकांना कोरेपणच आहे. सुरुवातीला फिकट कोरा कागद, शेवटी गडद कोरा कागद. चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि तिथे ते राहतं ते कुणीतरी उजेडाला ‘पुरे’ म्हटल्यामुळे. मला या लेखात एवढी एकच गोष्ट सावकाश उलगडून पाहायची आहे. फोटो प्रकाशामुळे होतो हे आपण सगळेच म्हणतो. तो टिकतो मात्र प्रकाशाला थांबवल्यामुळे, आणि या थांबवण्याची काही किंमत असते.

प्रकाशाकडून आकृती काढून घेणं माणसाला फोटोग्राफीच्या कितीतरी आधी साधलं होतं. जर्मनीतल्या आल्टडॉर्फ इथे योहान हाइनरिश शुल्त्स नावाचे प्राध्यापक १७१७च्या सुमारास अंधारात चमकणारा एक पदार्थ तयार करण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी खडूच्या भुकटीवर नायट्रिक आम्ल ओतलं. त्या आम्लात थोडी चांदी विरघळलेली होती. खिडकीतल्या उन्हाकडे असलेली मिश्रणाची बाजू काळसर जांभळी झाली, पाठची बाजू पांढरीच राहिली. हे उष्णतेमुळे झालं की उजेडामुळे, हे ठरवायला शुल्त्सनी तेच मिश्रण विस्तवाजवळ ठेवून पाहिलं. रंग बदलला नाही. मग त्यांनी कागदात अक्षरं कातरली, तो कागद बाटलीभोवती गुंडाळला आणि बाटली उन्हात ठेवली. कागद काढल्यावर पांढऱ्या खडूवर उन्हानं लिहिलेली अक्षरं दिसली. बाटली हलवली की अक्षरं पुसली जात आणि नव्यानं लिहिता येत. शुल्त्सना उजेडाचा गुण सिद्ध करायचा होता, चित्र जपायचं नव्हतं. त्यामुळे ‘पुरे’ म्हणण्याची गरज त्यांना भासलीच नाही.

ती पुरेपूर भासली थॉमस वेजवुड यांना. हे इंग्लंडमधल्या प्रसिद्ध कुंभकार जोसाया वेजवुड यांचे चिरंजीव, प्रकृतीनं नाजूक. त्यांनी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेल्या कागदावर आणि पांढऱ्या कातड्यावर पानं, किड्यांचे पंख, काचेवर रंगवलेली चित्रं ठेवून त्यांचे ठसे घेतले. त्यांचे मित्र, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०२मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात या प्रयोगांची हकीकत छापली. ठसे उत्तम येत होते. पण ते अंधारात ठेवावे लागत. पाहायचे तर सावलीत, तेही काही क्षणच, किंवा मेणबत्तीच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात. दिवसाच्या उजेडात आणले की न झाकलेल्या भागासारखाच झाकलेला भागही काळवंडे. पाण्यानं धुऊन पाहिलं, वर रोगण चढवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. डेव्हींनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की एवढी एक अडचण दूर झाली तर ही पद्धत जितकी सुबक तितकीच उपयोगी ठरेल. १८०५मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वेजवुड वारले. त्यांचा म्हणून खात्रीनं सांगता येईल असा एकही ठसा आज आपल्यासमोर नाही.

वेजवुडच्या अडचणीपाशी थोडं थांबायला हवं, कारण ऊनचित्राचं सगळं मर्म तिथे आहे. त्यांच्याकडे चित्र होतं, पण ज्या उजेडात ते पाहायचं तोच उजेड ते खाऊन टाकत होता. पाहणं आणि नाहीसं करणं ही एकच क्रिया झाली होती. असं का व्हावं?

फोटोकागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, सिल्व्हर क्लोराइडचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश एखाद्या स्फटिकावर पडला की तिथे एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, तो चांदीच्या आयनाला मिळतो, आणि क्षारातून धातुरूप चांदीचा एक अणू तयार होतो. उजेड जितका जास्त तितके असे अणू अधिक. ते एकत्र येऊन चांदीचे कण बनतात आणि कागद गडद दिसू लागतो. हे कण इतके लहान असतात की चांदीची लकाकी त्यांच्यात नसते. आपल्या आकारमानाप्रमाणे ते प्रकाशातले वेगवेगळे रंग शोषून घेतात, म्हणून कुठे पिवळा, कुठे विटकरी, कुठे जांभळा असा रंग दिसतो. ऊनचित्राच्या कागदात रंगद्रव्याचा थेंबही नाही. जे दिसतात ते सगळे चांदीचेच रंग.

या सगळ्यात पान आणि पानाभोवतीची मोकळी जागा असा भेद प्रकाश करत नाही. जिथे पोचतो तिथे तो एकच काम करतो, आणि जिथे अजून पोचलेला नाही तिथले स्फटिक त्याची वाट पाहत शिल्लक असतात. मनगटावरचं घड्याळ काढलं की खाली गोरा पट्टा दिसतो, पण चार दिवस घड्याळ घातलं नाही तर तो उरत नाही. ऊनचित्रातलं पानही तसंच. ते उरतं, कारण त्या जागेवरचं काम अजून व्हायचं आहे. तिथले स्फटिक जागे आहेत तोवर चित्र पुरं झालेलं नाही.

इथे एक शंका येईल. कुठे थांबायचं हे तर प्रत्येक कलेत कळावं लागतं. चित्रकारालाही एक फटकारा जास्त झाला की चित्र बिघडवता येतं. मग ऊनचित्राचं वेगळेपण ते काय? वेगळेपण असं की चित्रकाराचा हात थांबला की त्याचं चित्र थांबतं. काम त्याच्याकडूनच होत असतं, म्हणून विश्रांती घेतली तरी काही बिघडत नाही. ऊनचित्रात करणारा हात बसून असतो आणि काम चालूच असतं. पान मांडणं आणि ते उचलणं, या दोन हालचालींपलीकडे आपलं काही नाही. मधलं सगळं ऊन, पानातला ओलावा आणि कागद मिळून करतात. त्यामुळे थांबवणं हा इथे शेवटचा हात फिरवण्याचा भाग उरत नाही. ज्याला आपलं म्हणता येईल असं जवळजवळ सगळं कर्तृत्व त्या एका निर्णयात येऊन बसतं.

हा निर्णय अमलात कसा आणायचा, याचं पहिलं उत्तर विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी शोधलं. ऑक्टोबर १८३३मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी चित्रं काढताना आपला हात चालत नाही याची त्यांना खंत वाटली. निसर्गानंच आपलं चित्र कागदावर उमटवावं असं काही करता येईल का, हा विचार तिथे सुरू झाला. १८३४मध्ये इंग्लंडमधल्या लेकॉक अ‍ॅबी या आपल्या घरी त्यांनी कागद मिठाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवलं. कागदातच सिल्व्हर क्लोराइड तयार झालं आणि पानांचे, लेसचे ठसे उमटू लागले. प्रयोग करता करता टॅलबटच्या एक गोष्ट ध्यानात आली. कागदाच्या काही भागांत मीठ कमी पडलं होतं, आणि तिथे रंग अधिक लवकर चढत होता. म्हणजे मीठ थोडं असेल तर कागद तरतरीत, जास्त असेल तर सुस्त. त्यांनी हाच धागा पकडला. थोड्या मिठानं कागद तयार करायचा, ठसा घ्यायचा, आणि ठसा आला की तोच कागद मिठाच्या तीव्र द्रावणात बुडवायचा. ज्या मिठानं कागदाला जाग आणली, त्याचाच भरपूर मारा करून त्याला झोपवायचं. हे उत्तर मला फार सुंदर वाटतं, कारण त्यासाठी नवं रसायन शोधावं लागलं नाही. हाताशी होतं त्याच्याच प्रमाणाकडे टॅलबटनी बारीक लक्ष दिलं.

पण झोप म्हणजे शेवट नव्हे. मिठानं शांत केलेले टॅलबटचे ठसे अजूनही प्रकाशाला थोडे जागे आहेत. फिकट जांभळ्या पार्श्वभूमीवरच्या त्या पानांपैकी कित्येक आज, जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही, संग्रहालयांना अंधारात जपावी लागतात. टॅलबट पोटॅशियम आयोडाइडही वापरत; त्यानं कागदावर फिकट पिवळी छटा येई. म्हणजे थांबवण्याच्या प्रत्येक रीतीनं चित्राचा रंगही बदलत होता.

पक्कं उत्तर जॉन हर्शेल यांच्याकडे आधीपासूनच होतं. प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. सोडियम थायोसल्फेट हा क्षार चांदीचे न विरघळणारे क्षार सहज विरघळवतो, हे त्यांनी १८१९मध्येच नोंदवून ठेवलं होतं. आपल्याकडचे फोटोग्राफर आजही त्याला हायपो म्हणतात. जानेवारी १८३९मध्ये पॅरिसच्या दागेर यांच्या फोटोग्राफीच्या शोधाची बातमी हर्शेलना पत्रातून कळली. तपशील काहीच माहीत नव्हता, तरी आठवड्याभरात त्यांनी स्वतः कागदावर चित्र उमटवून ते हायपोनं पक्कं केलं. १ फेब्रुवारीला टॅलबट त्यांना स्लाउ इथे जाऊन भेटले आणि ही युक्ती त्यांनाही समजली. मिठाची रीत स्फटिकांना झोपवत होती. हायपो उरलेले स्फटिक कागदातून काढूनच टाकतो. प्रकाशाला करायला काही शिल्लकच राहत नाही, म्हणून तो थांबतो.

पुढे कळलं की थांबवणाऱ्यालाही थांबवावं लागतं. १८५०च्या दशकात लोकांचे फोटो पिवळे पडून विरू लागले. फोटोंच्या फिके पडण्याची कारणं शोधायला लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीनं १८५५मध्ये एक समितीच नेमली. मुख्य दोष निघाला तो धुण्याचा. कागदात राहून गेलेला हायपो सावकाश त्याच चांदीवर उलटत होता. म्हणून भरपूर पाण्यानं धुणं हा थांबवण्याचाच दुसरा अर्धा भाग ठरला. हर्शेलनीच १८४२मध्ये शोधलेल्या सायनोटाइपमध्ये, म्हणजे निळ्या छपाईत, हे सोपं आहे. तिथे चांदीऐवजी लोहाचे क्षार असतात आणि साधं पाणी ते धुऊन काढतं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३पासून दहा वर्षं समुद्रशैवालांचे निळे ठसे काढून पुस्तक सिद्ध केलं, त्यामागे ही सोय होतीच. चांदी इतकी सोशीक नाही.

हायपो मिळाला तरी ‘पुरे’ म्हणण्याचं कसब संपलं नाही. उलट पुढची पन्नास वर्षं तो एक धंदा होता. १८५०मध्ये आलेल्या अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, फोटो उन्हातच छापत. काचेची निगेटिव्ह आणि कागद लाकडी चौकटीत एकावर एक घट्ट बसवायचे आणि चौकट उन्हात ठेवायची. चौकटीची पाठ मधोमध बिजागरीनं जोडलेली असे. कारागीर थोड्या थोड्या वेळानं अर्धी पाठ उघडून रंग किती चढला ते पाहत असे. उरलेली अर्धी पाठ कागदाला जागेवर धरून ठेवी, म्हणून तो सरकत नसे. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारख्यांनी कॅमेरा हाती घेतला, पुढे राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओतून असंख्य अल्ब्युमेन प्रिंट बाहेर पडल्या. आज संग्रहालयात आपण ज्या तपकिरी-सोनेरी चित्रांपुढे उभे राहतो, त्यांतलं प्रत्येक चित्र कुणीतरी उन्हात उभं राहून, पाठ उघडून पाहून, योग्य वेळी आत नेलेलं आहे. त्या माणसांची नावं बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत.

या कारागिरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हवा तेवढा रंग आला म्हणून चौकट आत नेली तर चित्र फिकं पडणार. कारण हायपो न वापरलेले क्षार काढतो, तसाच चांदीच्या अगदी बारीक कणांवरही थोडा हात मारतो. शिवाय कणांभोवतीचा क्षार निघून गेल्यामुळे उरलेल्या कणांचा रंगही पालटतो. म्हणून हवं त्यापेक्षा गडद होईपर्यंत छापायचं, मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यातून काढायचं, मग हायपो. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या चित्रावर न भाळता, धुतल्यानंतर उरणारं चित्र मनात धरून थांबायचं. थांबवल्यानं काहीतरी जाणारच, हे धरूनच तो हिशेब मांडलेला होता.

मग हे कसब गेलं कुठे? ते डेव्हलपरनं पुसलं. १८४०मध्ये टॅलबटच्याच लक्षात आलं होतं की कागदाला अगदी थोडा उजेड लागला, डोळ्याला काहीही दिसलं नाही, तरी स्फटिकात एक बीज पडलेलं असतं. मोजक्याच अणूंचा पुंजका पुरतो. योग्य रसायनात घातलं की त्या पुंजक्यापासून सुरुवात होऊन स्फटिकातली सगळी चांदी मोकळी होते. प्रकाशाच्या कामाची वाढ कोट्यवधी पटींनी होते. १८९३मध्ये लिओ बेकलंड यांचा व्हेलॉक्स कागद आला. तो दिव्याच्या उजेडात छापता येई आणि डेव्हलपरमध्ये चित्र वर येई. विसावं शतक या जातीच्या कागदांचं झालं. प्रकाशाचं काम ठिणगी टाकण्यापुरतं उरलं आणि त्याला थांबवण्याचं काम शटरनं, टायमरनं आपल्याकडून काढून घेतलं. सेकंदाच्या सव्वाशेव्या हिश्शात पडदा उघडतो आणि मिटतो. तेव्हाही ‘पुरे’ म्हटलं जातंच, पण ते इतकं चटकन आणि यंत्राच्या आत, की म्हटलं गेलं हेच आपल्याला जाणवत नाही. त्यातूनच फोटो म्हणजे क्षण पकडणं अशी आपली समजूत पक्की झाली. ऊनचित्रात तोच क्षण पुन्हा ताणून तासाभराचा होतो, आणि आपल्याला त्याच्या आत वावरता येतं.

आता जुन्या कागदाकडे वळू. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७पासून उत्पादन सुरू झालं. तिथला ‘इंदू’ कागद आपल्याकडच्या किती तरी स्टुडिओंतून आणि हौशी लोकांच्या डार्करूममधून वापरला गेला. कारखाना बंद पडला. २००५मध्ये कोडॅकनंही कृष्णधवल कागद बनवणं सोडलं. स्टुडिओ डिजिटल झाले तशी अर्धी वापरलेली पाकिटं माळ्यावर, कपाटाच्या तळाशी राहून गेली. त्यांवरची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. असा कागद डेव्हलपरमध्ये टाकला तर तो करडा येतो. याला फॉग म्हणतात. काळ्या वेष्टनात उजेड शिरला नसेल, पण उष्मा, दमट हवा आणि वर्षं तर शिरलेली असतात. त्यांनीही स्फटिकांत तशीच बीजं पेरून ठेवलेली असतात. म्हणजे कागद कोरा दिसला तरी त्याच्यावरचं काम पाकीट उघडण्यापूर्वीच सुरू झालेलं होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन रॉसिटर २००७पासून असे जुने कागद मिळवून, त्यांवर कशाचाही फोटो न छापता, नुसते डेव्हलपरमध्ये घालत आल्या आहेत. कडेनं झिरपलेला उजेड, ओल, बुरशी, कुणाच्या तरी बोटांचे ठसे, हीच त्यांची चित्रं.

फोटो छापायला निरुपयोगी झालेला हा कागद ऊनचित्राला मात्र अगदी योग्य. बीजांना वाढवणारा डेव्हलपरच नाही, त्यामुळे फॉग दिसत नाही. उन्हाला सगळी चांदी स्वतः मोकळी करायची असते आणि त्या मानानं जुन्या वर्षांनी केलेलं काम नगण्य असतं. अशा कागदानं नव्या कामाला उभं राहावं, याचा मला मनापासून आनंद आहे. शिवाय प्रत्येक जातीच्या कागदात ब्रोमाइड-क्लोराइडचं प्रमाण वेगळं, जिलेटिन वेगळं, म्हातारपण वेगळं. त्यामुळे एका पाकिटातला कागद विटकरी होतो, दुसऱ्यातला निळसर जांभळा. पाकीट संपलं की तो रंग संपला. ‘ल्युमेन प्रिंट’ हे नाव रूढ करणाऱ्यांपैकी एक, अमेरिकन छायाचित्रकार जेरी बर्चफील्ड यांनी अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या झाडापानांची अशी चित्रं केली. २००४मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक पाहताना एकाच कृतीतून किती निरनिराळे रंग निघू शकतात हे कळतं.

तर मग कुठे थांबायचं? पान काय करतं ते पाहून. उन्हात काचेखाली दबलेलं ताजं पान श्वास टाकल्यासारखी वाफ सोडतं आणि कागद ओला होतो. जिलेटिन फुगतं, पानातला रस त्यात उतरतो, आणि त्या जागी उन्हाचं काम निराळ्याच चालीनं होतं. म्हणून मांसल पानाभोवती रंगाचे ओघळ येतात. नेच्यासारखं पातळ, कोरडं पान रेखीव उतरतं. पातळ पाकळी लवकर उचलावी लागते, कारण तिच्यातून उजेड आरपार जातो. जाड देठाची कड मऊ येते, कारण सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो आणि सावलीही त्याच्याबरोबर सरकते. पाच मिनिटांत मिळते ती नुसती बाह्याकृती. अर्ध्या तासानं आतल्या शिरा यायला लागतात. फार उशीर केला तर शिरा आणि पान एक होऊन जातात. बाह्याकृती हवी की अंतरंग, हे ठरवल्याशिवाय ‘पुरे’ म्हणता येत नाही. म्हणून थांबण्याची वेळ घड्याळ सांगू शकत नाही. आपल्याला त्या पानातलं काय पाहायचं आहे, त्यावरून ती ठरते.

काच उचलल्यावर दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. समोर गुलाबी-जांभळं, अपार सुंदर चित्र असतं. ते हायपोत घातलं की पहिल्याच मिनिटात रंग उतरू लागतात. जांभळ्याचा तपकिरी होतो, गुलाबीचा पिवळट. काही जण म्हणून हायपो टाळतात. चित्र काळ्या वेष्टनात ठेवायचं आणि क्वचित काढून पाहायचं, ही वेजवुडची वाट. काही जण लगेच स्कॅन करून रंग संगणकात धरून ठेवतात आणि मूळ कागदाचं पुढे काय होईल ते होऊ देतात. दोन्ही वाटांमागचं रंगांवरचं प्रेम मला समजतं. स्कॅन तर जरूर करावा, ती त्या क्षणाची नोंद आहे.

तरीही माझं मत हायपोच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण वेजवुडच्या मेणबत्तीपाशी सापडतं. त्यांचं चित्र पाहायला त्यांच्या खोलीत, त्यांनी ठरवलेल्या मंद उजेडात, त्यांच्या देखत जावं लागे. ते चित्र त्यांच्यापासून वेगळं होऊ शकत नव्हतं. पक्कं केलेलं चित्र मात्र कुणाच्याही हातात देता येतं, टपालानं पाठवता येतं, भर दुपारी खिडकीशी नेऊन पाहता येतं. आपण नसतानाही ते पाहिलं जाऊ शकतं. रंगातलं काही गमावून जे मिळतं ते हे: चित्र आपल्याकडून सुटून दुसऱ्याचं होण्याची शक्यता. हर्शेल आपली युक्ती स्वतःपाशी न ठेवता टॅलबटना सांगून मोकळे झाले, आणि त्या युक्तीनंच चित्रांनाही लोकांत जाता आलं. जे चालूच आहे ते दुसऱ्याला देता येत नाही. देण्यासाठी ते कुठेतरी पुरं व्हावं लागतं, आणि पुरं करताना त्याच्या काही शक्यता सोडाव्याच लागतात.

तेव्हा कुणाकडे जुना कागद निघाला तर तो टाकू नये. वाटतं त्यापेक्षा थोडं अधिक गडद होईपर्यंत उन्हात ठेवावा. मग पाच-दहा टक्क्यांच्या साध्या हायपोत काही मिनिटं घालावा. प्लॅस्टिकचा थर असलेला कागद वाहत्या पाण्यात पाचेक मिनिटं, साधा कागद तासभर धुवावा. हातमोजे घालावेत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, म्हणून तो झाडांना, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. फोटो किंवा एक्स-रेचा हायपो गोळा करणाऱ्यांना द्यावा. आणि कागद वाळला की तो कपाटात न ठेवता कुणाला तरी द्यावा. ज्यानं ते पान पाहिलं नाही, ते ऊन अनुभवलं नाही, त्याच्याही हाती ती दोन्ही पोचावीत, यासाठीच तर उजेडाला ‘पुरे’ म्हणायचं असतं.